गाडी झीज लपवते, म्हणून देखभाल टळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या मोटारींचा विषय निघाला की दोन सूर हमखास ऐकू येतात. पहिला हळहळीचा: तेव्हाची गाडी पाना-पकड घेऊन रस्त्याच्या कडेला उघडता यायची, आता बॉनेट उचलले की नुसते काळे प्लॅस्टिक दिसते. दुसरा निश्चिंतीचा: आताच्या गाड्यांना काही करावेच लागत नाही, वर्षातून एकदा सर्व्हिसिंगला टाकली की झाले. हळहळीत थोडे तथ्य आहे. निश्चिंती मात्र महागात पडते, आणि ती का पडते हे फारसे कोणी उलगडून सांगत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

जुनी गाडी रोज थोडीथोडी बिघडत असे आणि तसे कळवतही असे. टॅपेट वाजे, प्लग मिस मारी, क्लच वर येई, ब्रेकचे पेडल खाली जाई. आजची गाडी ही झीज स्वतःच भरून काढते, चालवणाऱ्याला पत्ता लागू देत नाही, आणि भरून काढण्याची मर्यादा संपली की एकदम मोठे काम काढते. देखभालीत जे काही बदलले आहे त्यातले बहुतेक या एका गोष्टीतून आले आहे.

प्लगपासूनच पाहू. पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारा-तोडणारा स्विच) आणि डिस्ट्रिब्यूटर (ती पाळीपाळीने प्लगांना वाटणारा) असलेल्या चार सिलिंडरच्या इंजिनाला ३००० फेऱ्यांवर मिनिटाला ६००० ठिणग्या लागतात, म्हणजे सेकंदाला १००. प्रत्येक ठिणगीसाठी पॉइंट एकदा उघडणार आणि मिटणार. त्यात त्याची तोंडे जळून एकीकडे खड्डा आणि दुसरीकडे उंचवटा येई, शिवाय कॅमवर घासणारी टाच झिजे. टाच झिजली की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतो आणि टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे पडते. गाडी चढावर उचलत नाही, तापते, पेट्रोल जास्त खाते. म्हणून साधारण ५,००० किलोमीटरला फिलर गेज घालून ०.४ मिलिमीटरची फट लावायची, टाचेसाठी कॅमला ग्रीसचे नुसते बोट लावायचे (जास्त लावले तर ते उडून पॉइंटवर बसते आणि पॉइंट जळतो) आणि त्यानंतर टायमिंगला हात घालायचा. हा क्रम उलटा करून चालत नसे, कारण फट हलली की टायमिंग हलतेच. स्ट्रोब दिवा नसला तरी अडत नसे. १२ व्होल्टचा साधा बल्ब कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज चढवणारी ती कॉइल) डिस्ट्रिब्यूटरकडच्या टोकाला आणि बॉडीला जोडायचा, पुलीवरची खूण जुळवायची, इग्निशन चालू करून डिस्ट्रिब्यूटर सावकाश फिरवायचा. पॉइंट उघडला त्या क्षणी बल्ब लागतो. नवे पॉइंट घालूनही ते लगेच जळू लागले तर कंडेन्सर बदलायचा.

हे सगळे आता इतिहासजमा झाले आहे. प्लगची फट पूर्वी ०.६ ते ०.७ मिलिमीटर असे आणि प्लग १०-१५ हजार किलोमीटर चाले. आता फट बहुधा ०.८ ते १.१ च्या दरम्यान असते, प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असते आणि इरिडियमचा प्लग लाख किलोमीटरपर्यंत चालवायला सांगतात. पण प्लग झिजतोच. फट वाढली तरी कॉइल जास्त व्होल्टेज लावून ठिणगी पाडते, त्यामुळे गाडी चालवताना काहीही जाणवत नाही. ताण कॉइलवर येतो आणि शेवटी प्लगऐवजी कॉइल जाते. मग कॉइल बदलून गाडी परत पाठवली जाते, जुना प्लग तसाच राहतो, आणि काही महिन्यांनी नवी कॉइलही जाते. गाडीच्या संगणकाने नोंदवलेला मिसफायरचा (सिलिंडरात पेट्रोल नीट न पेटल्याचा) कोड दुसऱ्या सिलिंडरचा, म्हणजे पी ०३०२ असेल, तर दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर घालून बघावे. कोड पी ०३०३ झाला तर कॉइल खराब. कोड जागचा हलला नाही तर प्लग, मग इंजेक्टर, आणि शेवटी कॉम्प्रेशन. याला काही पैसे पडत नाहीत, तरी ही अदलाबदल न करता चारही कॉइल बदलण्याचे प्रकार सर्रास चालतात. नवा प्लग बसवताना इंजिन थंड हवे, आटे हातानेच धरावेत आणि शेवटी टॉर्क पान्याने आवळावे. आट्यांना ग्रीस फासण्याची जुनी सवय सोडावी. वंगणामुळे त्याच टॉर्कला प्लग जास्त ताणला जातो आणि ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे निघून येतात.

टॅपेटची, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या दुव्याची, गोष्टही अशीच. फट साधारण ०.१५ ते ०.३० मिलिमीटर, एक्झॉस्टची जास्त. आठ व्हॉल्व्हच्या चार सिलिंडरी इंजिनांत सहसा नऊचा हिशेब चाले: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला लावायचा, सहावा दाबलेला असताना तिसरा, म्हणजे दोघांची बेरीज नऊ. टॅपेट वाजला की मालक घाबरे, पण जाणता मेकॅनिक वाजणाऱ्या टॅपेटला कमी आणि गप्प बसलेल्या टॅपेटला जास्त घाबरे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटवर, म्हणजे हेडमधल्या आपल्या बसायच्या कड्यावर, टेकलेला असतानाच सोडतो. फट संपली की तो पूर्ण टेकत नाही, लाल होतो आणि कडेने जळतो. आता बऱ्याच इंजिनांत तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक टॅपेट आहेत, ते फट आपोआप शून्यावर ठेवतात. जिथे ते नाहीत, तिथे चकत्यांनी किंवा ठरावीक जाडीच्या बकेटने फट ठरते, आणि ती तपासण्याचा आकडा मॅन्युअलमध्ये लाख किलोमीटरच्या आसपास कुठेतरी छापलेला असतो. सीएनजी किंवा एलपीजीवर धावणाऱ्या गाडीत सीटला इंधनाचा ओलावा मिळत नाही, सीट लवकर झिजते आणि फट कमी होत जाते. आवाज होत नाही, म्हणून कोणी कव्हर उघडत नाही.

पेट्रोलमधले शिसे गेले तेव्हा हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर आला होता. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलपासून धुरातली विषारी द्रव्ये निवळणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, शिशाने ते निकामी होतात म्हणून शिसेविरहित पेट्रोल आले; जगात मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तिथे ते २०२१ मध्ये थांबले. जुन्या मऊ सीटना शिशाच्या थराचा आधार होता, तो गेल्यावर सीट कठीण धातूच्या कराव्या लागल्या. पण फायदाही मोठा झाला. शिशाची राख जमून प्लग, तेल आणि सायलेन्सर लवकर खराब होत, ते थांबले. प्लगचे आयुष्य वाढले त्याचे सगळे श्रेय इरिडियमला देऊ नये.

कार्बोरेटरची आठवण काढणाऱ्यांना सहसा त्याचा त्रास आठवत नाही. फ्लोटची पातळी, जेटमधला कचरा, थंडीत चोक, उन्हात पेट्रोलची वाफ होऊन पंप अडणे. त्यात हवा-पेट्रोलचे प्रमाण अंदाजाने राही, आणि तीनही प्रदूषके एकदम साफ करणारा कन्व्हर्टर १४.७ ला १ या प्रमाणाच्या अगदी जवळच नीट काम करतो. बॉशचे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन फोक्सवॅगनच्या गाडीत १९६७ मध्ये आले होते, पण खरा बदल १९७६ मध्ये व्होल्व्होने धुराड्यात ऑक्सिजन सेन्सर बसवला तेव्हा झाला. इंजिन आपलाच धूर हुंगून पेट्रोल कमीजास्त करू लागले, आणि झीज लपवण्याची सुरुवात इथेच झाली. हवेची नळी तडकली, इंजेक्टर थोडा चोंदला, पंप थकला, तरी संगणक पेट्रोल वाढवून गाडी बिनतक्रार चालवतो. किती वाढवले ते तो लिहून मात्र ठेवतो. त्या नोंदीला फ्युएल ट्रिम म्हणतात, आणि साधा स्कॅनरही ती दाखवतो.

ट्रिम उणे-अधिक १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. अधिक १५-२० च्या पुढे गेली आणि तिथेच राहिली तर काही दिवसांनी पी ०१७१, म्हणजे मिश्रण पातळ झाल्याचा कोड येतो. तो आला की ऑक्सिजन सेन्सर बदलण्याची घाई होते, वास्तविक बातमी देणाऱ्याचा त्यात बहुधा काही दोष नसतो. आधी आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटरला पाय न लावता, ट्रिम बघावी, मग २५०० फेऱ्यांवर. आयडलला जास्त आणि फेऱ्या वाढवल्यावर खाली येत असेल तर हवेची गळती आहे: मॅनिफोल्डचे गॅस्केट, ब्रेक बूस्टरची नळी किंवा क्रँककेसची नळी. फेऱ्या आणि भार वाढल्यावर ट्रिमही वाढत असेल तर पेट्रोल कमी पडते आहे किंवा हवा मोजणारा सेन्सर मळला आहे. पी ०४२० हा कन्व्हर्टरचा कोडही असाच फसवा. पुढच्या साध्या ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये सारखे हलायला हवे, मागच्याचे ०.६-०.७ च्या आसपास स्थिर. मागचाही पुढच्यासारखाच हलू लागला तर कन्व्हर्टर संपला. पण तो का संपला हे शोधले नाही तर नवाही संपतो. बहुतेक वेळा मागे मिसफायर किंवा तेल खाणारे इंजिन असते.

कोड वाचण्याची १६ पिनांची सामाईक जागा अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीची झाली, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. स्कॅनर स्वस्त झाल्यावर निदान सोपे होईल असे वाटले होते. काही अंशी झालेही. पण कोड तक्रार सांगतो, कारण सांगत नाही, आणि कोडमध्ये ज्या भागाचे नाव आले तोच भाग बदलण्याची पद्धत पडली आहे.

आता जुन्या सवयींबद्दल, कारण त्या अजून जिवंत आहेत. कोणता सिलिंडर चालत नाही हे बघायला चालू इंजिनात प्लगची वायर उपटत. कार्बोरेटरच्या गाडीत त्याने फार बिघडत नसे. आज न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते आणि आतली जाळी वितळते. इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागतो तो याच धोक्यासाठी. स्थिर पिवळा दिवा असला तर गाडी जपून गॅरेजपर्यंत नेता येते, लुकलुकणारा दिसला तर पाय ताबडतोब हलका करावा आणि शक्य तितक्या लवकर थांबावे. डायनॅमो चार्ज करतो का हे पाहायला गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढत. अल्टरनेटरच्या गाडीत त्या क्षणी व्होल्टेज उसळते आणि एखादा कंट्रोल युनिट जळतो. डिझेलमध्ये इंजेक्टरच्या नळीचा नट ढिला करून सिलिंडर तपासत. जुन्या पंपाच्या गाडीत इंजेक्टर १५०-२०० बारच्या आसपास उघडे. कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना एका सामाईक नळीतून दाबाने डिझेल देणारी पद्धत), जी १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ मधून प्रवासी गाड्यांत आली, तिच्यात आज १६०० ते २५०० बार दाब असतो. त्या दाबाची केसाएवढी धार कातडी भेदून डिझेल आत सोडते. जखम बारीक दिसते, पण तासाभरात शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. चालू इंजिनात कॉमन रेलच्या नळीला पाना लावू नये.

तेलाकडे सगळ्यांचे लक्ष असते, पण चुकीच्या गोष्टीकडे. पूर्वी २० डब्ल्यू ५० आणि ५,००० किलोमीटर, एवढे पाठ असले की पुरे. आता ५ डब्ल्यू ३०, ० डब्ल्यू २० अशी पातळ तेले आणि १०-१५ हजारांचे आकडे. तेल पातळ झाले ते मुख्यतः इंधन वाचवण्यासाठी, शिवाय हायड्रॉलिक टॅपेट, व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा आणि टर्बोची बेअरिंगे यांच्या वाटा बारीक आहेत. छोटा टर्बो मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत फिरतो. "जाड तेल घातले की इंजिन शांत चालते" ही समजूत इथे घात करते. आकड्याइतकाच डब्याच्या मागे छापलेला दर्जाही महत्त्वाचा. धुरातली काजळी धरणारा फिल्टर असलेल्या डिझेलला कमी राखेचे तेल लागते, कारण तेलातली राख त्या फिल्टरमध्ये जळत नाही, साठते. टर्बो लावलेल्या थेट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनात कमी फेऱ्यांवर अवेळी स्फोट होऊन पिस्टन फुटत, त्यावर २०२० मध्ये आलेला एपीआय एसपी हा दर्जा उत्तर आहे. उलट जुन्या सपाट टॅपेटच्या इंजिनाला जस्ताचे प्रमाण जास्त असलेले तेल लागते. नवे महागडे तेल घालून त्याचा कॅम झिजवणारे हौशीही आहेत.

किलोमीटर हे तेलाचे खरे मापच नाही. सरासरी ताशी ६० किलोमीटरने १०,००० किलोमीटर काटले तर इंजिन सुमारे १६७ तास चालते. गर्दीत सरासरी २० पडली तर तेच अंतर ५०० तासांचे होते. मॅन्युअलमध्ये मागच्या पानांवर "कठीण वापर" असे एक कोष्टक असते: छोट्या फेऱ्या, धूळ, सतत थांबत-चालत जाणे, जड ओझे. बहुतेकांचा वापर त्यातच बसतो, आणि बहुतेक जण पहिल्या पानावरचा मोठा आकडा धरून बसतात. छोट्या फेऱ्यांत तेल पुरते तापत नाही, त्यात उतरलेले पेट्रोल आणि पाणी उडून जात नाही. म्हणून डिपस्टिकवर तेल कमी झाले की नाही एवढेच बघू नये, वाढले का तेही बघावे. डिझेलमध्ये फिल्टरमधली काजळी जाळण्याचा प्रयत्न अर्धवट राहिला की जादा सोडलेले डिझेल तेलात उतरते. पातळी कमाल खुणेच्या वर गेली तर ते तेल लगेच बदलायचे.

बदलताना होणाऱ्या चुका मात्र तशाच आहेत. जुन्या फिल्टरचे रबर इंजिनालाच चिकटून राहते, त्यावर नवा फिल्टर बसतो आणि दोन रबरांमधून दाबाने तेल बाहेर फेकले जाते; काढलेल्या फिल्टरला रबर आहे का हे बघायला दोन सेकंद लागतात. नव्याच्या रबराला तेलाचे बोट, रबर टेकेपर्यंत हाताने, मग पाऊण फेरा, तोही हातानेच. ड्रेन नटची वायसर नवी. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जोर लावल्याने जितके जातात तितके वयाने जात नाहीत.

हेड उतरवून कार्बन खरवडण्याचे काम काही दशकांपूर्वी ठरलेल्या अंतराने करावे लागे. चांगले पेट्रोल आणि अचूक मिश्रण यांनी ते संपवले, आणि थेट इंजेक्शनने मागच्या दाराने परत आणले. पेट्रोल आता इनटेक व्हॉल्व्हवर पडतच नाही, सरळ सिलिंडरमध्ये जाते. व्हॉल्व्हच्या पाठीवर तेलाच्या वाफेचा थर जमतो, तो धुणारे काही उरले नाही. टाकीत ओतायच्या बाटल्यांचा इथे उपयोग शून्य, कारण ते द्रव तिथपर्यंत पोहोचतच नाही. मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारणे हा खात्रीचा उपाय. काही कंपन्यांनी म्हणूनच पोर्टमध्ये दुसरे इंजेक्टर परत बसवले.

रेडिएटरमध्ये नळाचे पाणी ओतणे जुन्या बिडाच्या इंजिनाने सहन केले. ॲल्युमिनियम करत नाही. कूलंट आणि पाणी यांचे ५०-५० मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही हा त्याचा एक गुण, पण जिथे पाणी कधी गोठत नाही तिथेही ते लागते, कारण गंजरोधक त्यातच असतात आणि उकळबिंदूही वाढतो. हे गंजरोधक संपतात, जुन्या पद्धतीचे साधारण दोन वर्षांत, नव्याचे पाच वर्षांच्या आसपास. रंगावरून जात ओळखू नये, रंगाला कोणतेही प्रमाण नाही. दोन वेगळ्या जाती मिसळल्या तर गंजरोधकांची ताकद घटते, काही वेळा गाळही धरतो. मिश्रणासाठी डिस्टिल्ड पाणीच, आणि भरल्यावर हवा काढणे, नाहीतर आत अडकलेला बुडबुडा काटा मध्यावर दाखवत राहतो आणि हेड वाकते. पुष्कळ गाड्यांत तापमानाचा काटा मुद्दाम मधल्या पट्ट्यात स्थिर ठेवलेला असतो. तो हलला तेव्हा उशीर झालेला असतो.

ब्रेक ऑइल ही सर्वांत दुर्लक्षित गोष्ट, कारण ते खर्च होत नाही. पण हवेतला ओलावा ओढून घेते. डॉट ४ कोरडे असताना कमीत कमी २३० अंशांना उकळते, ३.७ टक्के पाणी शिरले की १५५ अंश पुरतात. लांब उतारावर तेवढे तापमान सहज येते, वाफ दाबली जाते आणि पेडल फळीपर्यंत जाते. थंड झाल्यावर सगळे पुन्हा ठीक, म्हणून गॅरेजमध्ये दोष सापडत नाही. दोन वर्षांनी बदलावे, गाडी कितीही कमी चालली तरी. शिवाय एबीएसच्या ब्लॉकमधले बारीक व्हॉल्व्ह याच पाण्याने गंजतात. बाटलीतली पातळी हळूहळू उतरते ती पॅड झिजल्यामुळे. ती वरचेवर भरत राहिले की झीज दिसायची शेवटची खूणही जाते, आणि नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलले की बाटली उतू जाऊन रंग खाते. मागचा हातब्रेक बटणाचा असेल तर पिस्टन ढकलण्याआधी गाडी स्कॅनरने किंवा मॅन्युअलमधल्या पद्धतीने सर्व्हिस मोडमध्ये न्यावी. क्लॅम्प लावून जबरदस्ती केली तर आतल्या मोटरचे दात जातात.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलावर "आयुष्यभर" असे लिहिलेले असते. कोणाचे आयुष्य, ते लिहिलेले नसते. ६० ते ८० हजारांवर बदलणे शहाणपणाचे. बऱ्याच गाड्यांत याला डिपस्टिक नसते; गाडी सपाट उचलून, तेल ठरलेल्या तापमानाला, बहुधा ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान आल्यावर, इंजिन चालू ठेवून खालच्या नटातून थेंब पडेपर्यंत भरायचे. थंड असताना मोजले तर जास्त भरले जाते, फार तापल्यावर मोजले तर कमी. साध्या गिअरबॉक्सला जीएल-४ सांगितले असेल तिथे "वरचा दर्जा" म्हणून जीएल-५ घालू नये. त्यातली रसायने पितळी सिंक्रोनायझरना मानवत नाहीत.

टायमिंग बेल्ट गाड्यांत १९६० च्या दशकात आला आणि तुटण्याआधी काहीच बोलत नाही. बहुतेक आजच्या इंजिनांत तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात. ६० हजार ते दीड लाख असा मोठा फरक गाडीगाडीत आहे, शिवाय वर्षांची मर्यादा वेगळी. दोन्हींपैकी जे आधी येईल ते. टेन्शनर आणि पाण्याचा पंप त्याच वेळी बदलावेत, कारण मजुरी तीच. तेलात बुडालेल्या बेल्टला चुकीचे तेल चालत नाही, त्याचे रबर सुटून तेलाची जाळी चोंदते. चेन असली तरी ती अमर नसते. सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड आली किंवा पी ००१६ (क्रँक आणि कॅमचा मेळ चुकल्याचा) कोड आला तर ती बहुधा लांबली आहे.

ग्रीसगन आता बहुतेक ठिकाणी भिंतीवर टांगलेली असते. जुन्या गाडीला डझनभर निपल असत, दीड-दोन हजार किलोमीटरला ग्रीस, नाहीतर किंगपिन घट्ट. सीलबंद बॉल जॉइंटला ग्रीस लागत नाही, पण रबरी बूट फाटला की धूळ आत जाते. चाक फिरवणाऱ्या दांड्यावरच्या सीव्ही जॉइंटचा बूट फाटलेला वेळेत दिसला तर बूट आणि ग्रीस एवढ्यावर भागते. वळताना कटकट येऊ लागली की जॉइंट गेलाच. म्हणून गाडी वर असेल तेव्हा ग्रीसगनच्या जागी टॉर्च हातात घ्यावी.

बॅटरीत पाणी घालून हायड्रोमीटरने १.२८ बघण्याचे दिवस गेले. विश्रांतीनंतर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. चार्जिंगचा १४ व्होल्टचा आकडा आता बिनचूक कसोटी राहिलेला नाही. पेट्रोल वाचवायला संगणक अल्टरनेटर मधूनच १२.५ वर आणतो आणि ब्रेक दाबताना १५ वर नेतो. आपोआप बंद-चालू होणाऱ्या इंजिनाला त्यासाठीच्या खास जातीची बॅटरी लागते, आणि पुष्कळ गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद संगणकात करावी लागते. नाहीतर तो नवीला जुनी समजून चार्ज करत राहतो. गाडी उभ्या उभ्या बॅटरी उतरत असेल तर कुलूप लावून अर्धा तास थांबावे, सगळी युनिटे झोपू द्यावीत, मग मोजावे. ५० मिलिअँपिअरच्या वर गेले तर कुठेतरी काहीतरी जागे आहे.

काच बदलणे हे काचवाल्याचे काम होते. आता तिच्यामागे कॅमेरा असतो. तो एका अंशाने तिरका बसला तर ५० मीटरवर सुमारे ८७ सेंटिमीटर चूक, म्हणजे शेजारच्या लेनमधली गाडी आपल्या पुढे दिसू शकते. कॅलिब्रेशन केल्याचा कागद मागून घ्यावा. विजेच्या गाडीत तेल, प्लग, बेल्ट सगळे गेले. पण मोटरच ब्रेकचे काम करत असल्याने डिस्क गंजतात, वजनाने टायर लवकर झिजतात आणि सर्वांत आधी दगा देते ती साधी १२ व्होल्टची बॅटरी. जास्त व्होल्टेजच्या नारिंगी केबलला प्रशिक्षण नसलेल्याने हात लावू नये, एवढे पुरे.

या सगळ्यावरून आपल्या वाचकांना एक सुचवावेसे वाटते. सर्व्हिसिंगच्या बिलावर "तपासले, ठीक" असे लिहून घेण्याऐवजी आकडे लिहून घ्यावेत: तेलाचा आकडा आणि दर्जा, चारही पॅडची जाडी मिलिमीटरमध्ये, टायरच्या खाचांची खोली, ब्रेक ऑइल बदलल्याचा महिना, बॅटरीचे व्होल्टेज, पुसण्यापूर्वी सापडलेले कोड आणि आयडलची फ्युएल ट्रिम. दोन-तीन बिले शेजारी ठेवली की आजची गाडी जे सांगत नाही ते दिसू लागते. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी तर स्कॅनरमध्ये आणखी एक पान उघडावे, रेडिनेस मॉनिटरचे, म्हणजे गाडी स्वतःच आपल्या भागांच्या ज्या चाचण्या घेते त्यांचे. कोड पुसले की या सगळ्या चाचण्या "अपूर्ण" होतात आणि पुन्हा पूर्ण व्हायला वेगवेगळ्या वेगात काही दिवस गाडी चालवावी लागते. डॅशबोर्डवर एकही दिवा नाही आणि चार-पाच चाचण्या अपूर्ण, असे दिसले तर गाडी दाखवण्याच्या थोडे आधी कोणीतरी कोड पुसलेले असण्याची, किंवा निदान बॅटरी काढलेली असण्याची, दाट शक्यता असते. विकणाऱ्याला आठवडाभर गाडी चालवू द्यावी, आणि मग पुन्हा स्कॅनर लावावा.

कळावे,
आपला,
मोटारदुरुस्तीच्या धंद्यातला एक वाचक